हाड, छू आणि यू-यू : एक शास्त्रोक्त विवेचन

मैदानावर ठरावीक क्रमाने मांडलेले अडथळे कुत्र्याने कमीत कमी वेळात, चुका न करता ओलांडायचे आणि मालकाने त्याच्या आसपास धावत त्याला सूचना द्यायच्या, असा जो खेळ आहे, त्याला ‘अ‍ॅजिलिटी’ असे म्हणतात. आडव्या दांडीवरून उडी, बोगद्यातून धाव, दोन बाजूंना उतरत्या असलेल्या उंच फळ्यांवरून चढउतार, बागेतल्या सी-सॉसारख्या वरखाली होणाऱ्या फळीवरून तोल सांभाळत चालणे आणि ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी वाट काढणे, असे या अडथळ्यांचे साधारण स्वरूप असते. स्पर्धा चालू असताना कुत्र्याला हात लावता येत नाही, त्याला साखळी धरून नेता येत नाही, हातात खाऊही ठेवता येत नाही. मालकाजवळ उरतात ती केवळ दोन साधने, आवाज आणि शरीर. त्यांपैकी शरीराचे सामर्थ्य बहुसंख्य मालकांच्या बाबतीत पहिल्या वीस पावलांतच संपुष्टात येत असल्यामुळे पुढची सगळी भिस्त आवाजावर पडते, आणि म्हणून ‘तोंडी संकेत’, म्हणजे अमुक ध्वनी कानी पडला की अमुक कृती करायची असा माणूस व कुत्रा यांच्यात झालेला करार, हा या खेळात फार महत्त्वाचा मानला जातो. करारावर सही एकाच पक्षाची असते, ही गोष्ट वेगळी.

या खेळाचा जन्म वेळ काढण्याच्या गरजेतून झाला. त्या काळी लंडनमध्ये भरणाऱ्या क्रफ्ट्स या विख्यात श्वानप्रदर्शनात १९७८ साली दोन मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांनी उठून जाऊ नये, यासाठी काहीतरी भरीचे हवे होते. ती जबाबदारी जॉन व्हार्ली यांच्याकडे आली, त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरले आणि घोड्यांच्या अडथळा-शर्यतीची कल्पना कुत्र्यांच्या मापाने बेतली. भरीचा हा कार्यक्रम लोकांना इतका आवडला की ब्रिटनच्या केनेल क्लबने दोनच वर्षांत त्याला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. गणेशोत्सवात प्रमुख पाहुण्यांची गाडी येईपर्यंत माईकवर किल्ला लढवणाऱ्या निवेदकांनी या इतिहासापासून धीर घेण्यास हरकत नाही.

स्पर्धेतील सर्वांत प्रेक्षणीय भाग कुत्रे मैदानात उतरण्यापूर्वीच संपतो. दर वेळी अडथळ्यांची मांडणी नवी असल्यामुळे मालकांना आधी एकट्याने मैदानात सोडतात आणि मार्ग पाठ करू देतात. त्या काही मिनिटांत चांगली वयात आलेली, नोकरीधंदा सांभाळणारी माणसे मोकळ्या मैदानात हात पसरून धावतात, मध्येच गर्रकन वळतात, खाली बघून कोणीही नसलेल्या जागेला ‘ओव्हर’, ‘टनेल’, ‘लेफ्ट, लेफ्ट’ असे बजावतात आणि नंतर त्याच जागेचे कौतुकही करतात. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या पारावर बसणाऱ्या एखाद्या जाणत्याने हे दृश्य पाहिले, तर कोणाला कोणत्या देवऋषीकडे न्यावे, एवढीच चर्चा तो करील.

पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले, नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले गाव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांसाठी देशभर ओळखले जाते. कुत्र्यांच्या खेळासाठी ते ओळखले जात नाही आणि तशी ओळख व्हावी, अशी मागणी कोणी केल्याचेही ऐकिवात नाही. तथापि तोंडी संकेतांच्या अभ्यासकाला हे गाव डावलून चालणार नाही, कारण कुत्र्याशी बोलण्याच्या दोन अगदी भिन्न पद्धती येथे एकाच अंगणात, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी, सुखाने नांदताना आढळतात. पहिली पद्धत ‘गावठी’ कुत्र्यांसाठी, म्हणजे जी कोणी विकत आणलेली नसतात आणि जी मळ्यात, वस्तीवर, बाजार समितीच्या आवारात किंवा महामार्गाच्या कडेला स्वतःच्या हिमतीवर संसार करतात, त्यांच्यासाठी आहे. दुसरी ‘ब्रीडच्या’ कुत्र्यांसाठी, म्हणजे ज्या वर्षी द्राक्षांचे पैसे चांगले होतात त्या वर्षी नव्या बंगल्यापाठोपाठ जी येतात, त्यांच्यासाठी आहे. पहिली पद्धत मराठी आहे, निदान मराठी घशातून निघणारी आहे. दुसरी इंग्रजी आहे.

ब्रीडच्या कुत्र्याला मराठी कळत नाही, हा समज महाराष्ट्रात इतका खोल रुजलेला आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ज्या गृहस्थाने बँकेच्या अर्जापलीकडे इंग्रजीशी कधी संबंध येऊ दिला नाही, तोही लॅब्रेडॉरच्या पिल्लासमोर उभा राहताच ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ अशा तुटक इंग्रजीत बोलू लागतो. पिल्लू ओझरला जन्मलेले असो, त्याच्या आईने आणि आजीने नाशिक जिल्ह्याची हद्द कधी ओलांडलेली नसो, त्याची मातृभाषा इंग्रजीच धरली जाते. कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण याच पिंपळगावात झाले आणि त्यांचे मूळ गाव शिरवाडे येथून जवळच आहे. त्यांच्या जन्मदिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. शाळेची ग्रंथदिंडी बंगल्यावरून जाऊ लागली आणि त्या बंगल्यातला ब्रूनो नावाचा कुत्रा तिच्यावर भुंकू लागला, तर त्याला त्या दिवशीही ‘स्टॉप इट, ब्रूनो’ असेच सांगितले जाते.

या प्रथेला अगदीच निराधार म्हणता येणार नाही. बुडापेस्टमधील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी कुत्र्यांना हंगेरियन आणि स्पॅनिश अशा दोन भाषांतील मजकूर ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा घरात रोज कानी पडणारी भाषा आणि परकी भाषा यांतला फरक कुत्र्याच्या मेंदूला कळतो, असे दिसून आले. हा निष्कर्ष पिंपळगावला लावून पाहिला, तर ब्रूनोची परिस्थिती स्पष्ट होते. दिवसभर त्याच्या कानांवर मराठी पडते आणि त्या मराठीत कांद्याचा भाव, औषधफवारणी, भाऊबंदकी आणि सोयरिकी यांची चर्चा असते, जिच्यात त्याने करावे असे काही नसते. इंग्रजी मात्र कोणीतरी त्याच्यावर हुकूम सोडतो तेव्हाच ऐकू येते. तेव्हा मराठी ही कुरकुरण्याची आणि इंग्रजी ही हुकुमाची भाषा आहे, असे मत ब्रूनोने करून घेतले असेल तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या मालकाच्या पणजोबांचेही मत तेच होते.

प्रशिक्षणशास्त्राच्या दृष्टीने यात एक खरा फायदा आहे. संकेताचा शब्द रोजच्या बोलण्यापासून जितका वेगळा, तितका तो कुत्र्याला लवकर उमगतो, कारण त्याला तो गोंगाटातून वेचून काढावा लागत नाही. स्वभाषेच्या अभिमानापोटी ‘सिट’ऐवजी ‘बस’ शिकवायचे ठरवले, तर काय होईल हे पाहण्यासारखे आहे. पाहुण्यांना ‘बसा’ म्हटले जाते, नाशिकची बस चुकते, चहात साखर घालताना ‘बस, बस’ होते आणि कांद्याचे मार्केट तर दर पंधरवड्याला बसते. कर्तव्यदक्ष कुत्र्याला अशा घरात दिवसभर उठाबशा काढाव्या लागतील. ‘चल’ची गत याहून बिकट आहे, कारण मराठी माणूस ‘चल’ म्हणून कुत्र्याला बरोबर नेतो आणि ‘चल’ म्हणूनच हाकलतो, आणि दोन्हींतला भेद फक्त स्वरात असतो.

खेळाच्या मैदानात आणखी एक अडचण येते, ती वेळेची. चपळ कुत्रा सेकंदाला पाच-सहा मीटर धावतो आणि उडी घेतल्यावर हवेत त्याला दिशा बदलता येत नाही. म्हणून पुढे कोठे वळायचे ते पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वी सांगावे लागते. ‘उजवीकडे’ हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागतो असे धरले, तरी तो पूर्ण होईपर्यंत कुत्रा अडीच-तीन मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या दोन शब्दांची शेपटे हुबेहूब सारखी आहेत आणि धावपळीत कुत्र्याच्या कानाशी बहुधा शेपूटच येते. अर्थात मराठी मालक एवढ्या थोडक्यात सांगेल, ही अपेक्षाही जरा जास्तच आहे. पिंपळगावात पत्ता विचारला असता ‘हे असं सरळ जा, चौफुली लागंल, तिथून वळा, मग कोणालाही विचारा’ असे उत्तर मिळते. ही पद्धत माणसांच्या बाबतीत उत्तम चालते, परंतु कुत्र्याला शेवटच्या सूचनेचा उपयोग करता येत नाही.

संकेत एकदा ठरला की घरातील सर्वांनी तोच आणि तेवढाच वापरावा, असा या शास्त्रातील पहिला नियम आहे, आणि मराठी एकत्र कुटुंबाची रचना या नियमाला अनुकूल नाही. ब्रूनोने सोफ्यावरून खाली उतरावे, अशी सर्वांची इच्छा असली तरी आजोबा ‘हाड’ म्हणतात, आजी ‘उतर रे बाबा, केस पडतात’ म्हणते, वडील ‘डाऊन’ म्हणतात, हिंजवडीहून शनिवार-रविवारी येणारा मुलगा व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे ‘ऑफ’ म्हणतो, कारण ‘डाऊन’चा अर्थ आडवे होणे असा असतो, हे त्याला ठाऊक असते, आणि नातू ब्रूनोच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसतो. या पाच मतांचा साकल्याने विचार करून ब्रूनो नातवाच्या बाजूने कौल देतो.

दुसरा नियम असा की संकेत एकदाच द्यावा. तो पुनःपुन्हा उच्चारला, तर पहिला उच्चार ही नुसती प्रस्तावना आहे असे कुत्रा शिकतो. प्रत्यक्षात होते ते असे: ‘सिट. ब्रूनो, सिट. सिट म्हणते ना. अरे सिट! सांगू का पप्पांना?’ या शेवटच्या वाक्यावर ब्रूनो बसतो. याचा अर्थ घरातील बाई समजते तसा ब्रूनो हट्टी नसून अत्यंत आज्ञाधारक आहे. त्याला शिकवलेला संकेत ‘सांगू का पप्पांना’ हा आहे आणि तो पहिल्याच उच्चाराला पाळतो. हाच संकेत घरातल्या मुलांनाही लागू पडत असल्यामुळे त्याची उपयुक्तता वादातीत मानावी लागते.

योग्य कृती होताच त्याच क्षणी कुत्र्याला ‘हेच हवे होते’ असे कळवणारा एक छोटा ध्वनी असावा लागतो; प्रशिक्षक त्याला ‘मार्कर’ म्हणतात आणि त्यासाठी टिकटिक करणारी एक डबी किंवा ‘येस’ हा शब्द वापरतात. खाऊ हातात येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात कुत्रा दुसरेच काहीतरी करून बसतो, म्हणून हा पूल बांधावा लागतो. मराठीत या कामासाठी ‘हां!’ हा ध्वनी जणू घडवलेलाच आहे. तो आखूड आहे, ठसकेबाज आहे आणि मान्यता दर्शवणारा आहे. त्याचा एकमेव दोष हा की कांदा व्यापारी फोनवर बोलताना मिनिटाला पंधरा-वीस वेळा ‘हां’ म्हणतो, आणि या मार्करवर तयार झालेला कुत्रा त्या काळात प्रत्येक ‘हां’मागे एक, या हिशेबाने बिस्किटांची थकबाकी मांडत समोर बसून राहतो.

कौतुकाच्या बाबतीत तर मराठीची पंचाईतच आहे. बुडापेस्टच्याच आणखी एका प्रयोगात, जो अटिला आंडिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला, कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा स्वर हे दोन्ही एकत्र आले, तरच कुत्र्याच्या मेंदूतील आनंदाचे केंद्र जागे होते, नुसता शब्द किंवा नुसता स्वर पुरत नाही, असे आढळले. मराठी घरात ‘शाब्बास’ हा शब्द दुधाचे पातेले सांडल्यावर, काच फुटल्यावर आणि बारावीचा निकाल लागल्यावर उच्चारला जातो, आणि त्या शब्दासोबत जो स्वर येतो तो कौतुकाचा नसतो. ब्रूनो हा बहुधा घरातील असा एकमेव सदस्य आहे, ज्याला ‘शाब्बास’ मनापासून मिळते.

बक्षिसाच्या खाऊचा प्रश्न पिंपळगावात विशेष नाजूक आहे. कांदा कुत्र्याला विषारी असतो. त्यातील गंधकयुक्त घटकांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कुत्र्याला पंडुरोग होतो, मग कांदा कच्चा असो की भाजीत शिजलेला. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. टोमॅटोचे पिकलेले फळ चालते, परंतु त्याच्या हिरव्या झाडात सोलानिनच्या जातीची द्रव्ये असतात. म्हणजे ज्या पिकांनी गावाला बंगले दिले, त्या पिकांतून त्या बंगल्याच्या राखणदाराला बक्षीस म्हणून देण्याजोगे जवळजवळ काहीच निघत नाही, आणि अखेर भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे किंवा टपरीवरचा पार्ले-जी यांवरच शास्त्राला भागवावे लागते.

आता गावठी पद्धतीकडे वळले पाहिजे, कारण खरे शास्त्र तेथे आहे. या पद्धतीत प्रमुख संकेत तीनच आहेत. कुत्र्याला बोलावण्यासाठी ‘यू-यू-यू’, कोणाच्या अंगावर सोडण्यासाठी ‘छू’ आणि घालवून देण्यासाठी ‘हाड’. हे कोणी कोणाला शिकवलेले नाहीत, यांचा वर्ग भरत नाही आणि प्रमाणपत्र मिळत नाही. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल या अमेरिकन संशोधिकेने निरनिराळ्या भाषा बोलणारे मेंढपाळ, घोडेवाले आणि श्वानप्रशिक्षक प्राण्यांना कसे पुकारतात, हे ध्वनिमुद्रित करून तपासले; तेव्हा असे आढळले की प्राण्याने हालचाल करावी किंवा वेग वाढवावा यासाठी माणसे आखूड, भराभर आवर्तन होणारे आवाज काढतात आणि त्याने थांबावे किंवा मंद व्हावे यासाठी एकच लांब आवाज काढतात, मग भाषा कोणतीही असो. ‘यू-यू-यू’, कोंबड्यांसाठीचे ‘ती-ती-ती’ आणि बैलाला हाकताना टाळ्याला जीभ लावून काढलेला ‘च्यक-च्यक’ एका बाजूला ठेवले, आणि बैलाला उभे करणारा ‘होऽऽऽ’ दुसऱ्या बाजूला ठेवला, की निफाड तालुक्याने हे संशोधन प्रबंध न लिहिता पूर्वीच आटोपले होते, हे ध्यानात येते. ज्या आजीने आयुष्यभर कुत्र्यांना ‘यू-यू’ करून बोलावले, ती मुलाने आणलेल्या ब्रूनोसमोर मात्र चपापून ‘कम’ म्हणते, आणि तेही लांबवून, उतरत्या सुरात, म्हणजे नेमक्या थांबवण्याच्या सुरात म्हणते. ब्रूनो थांबतो. त्याला आडमुठा म्हटले जाते.

तीन संकेतांपैकी ‘हाड’ची कथा वेगळी आहे, कारण तो मुळात तोंडी संकेतच नाही. बाजार समितीच्या आवारात लिलाव चालू असताना हे नीट पाहता येते. कांद्याच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत असतो, क्विंटलमागे भाव पुकारला जात असतो, शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून आणखी शंभराची आशा करीत असतो आणि ट्रॉलीच्या सावलीत दोन-तीन कुत्री पोट जमिनीला टेकवून झोपलेली असतात. त्यांना दिवसातून अनेक वेळा ‘हाड’ म्हटले जाते. ते ऐकून एक जण डोळा उघडतो, म्हणणाऱ्याच्या हातांकडे बघतो, हात रिकामे दिसताच डोळा मिटतो. नंतर कोणी एखादा व्यापारी ढिगातून घरंगळलेला कांदा बघायला म्हणून खाली वाकतो, तोंडातून अवाक्षर काढत नाही, आणि तिन्ही कुत्री एकदम उठून पुढच्या ट्रॉलीखाली जातात. खाली वाकणे म्हणजे दगड उचलणे, हा संकेत भारतातील यच्चयावत गावठी कुत्र्यांना अवगत आहे. डांबरी रस्त्यावर, फरशीवर, जेथे दगडाची शक्यता नाही तेथेही तो पाळला जातो. चपलेचा पट्टा नीट करणाऱ्या निरुपद्रवी माणसापुढून अख्खी टोळी पांगते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. इटलीतील संशोधकांनी २०१६ साली माणसाला तोंडाने एक आणि हाताने दुसरेच सांगायला लावून कुत्री कोणाचे ऐकतात ते पाहिले आणि बहुतेक कुत्री हाताचे ऐकतात, असा निष्कर्ष काढला. पिंपळगावात हा प्रयोग दररोज लिलावाच्या वेळी मोफत चालतो.

अ‍ॅजिलिटीच्या मैदानावरील पुष्कळशा चुकांचे मूळ येथेच आहे. मालक ओरडतो ‘टनेल’, त्याचे खांदे आणि पायांची बोटे वळलेली असतात दांडीकडे, आणि कुत्रा दांडीवरून उडी घेतो. कुत्र्याला शब्द कळत नाहीत असे मात्र समजू नये. जॉन पिली नावाच्या निवृत्त अमेरिकन मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर या आपल्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली आणि २०११ साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापक तेवढ्या वेळात आत्मचरित्राचे दोन खंड काढतात. पण चेसरसाठी रोजचे कित्येक तास खर्ची पडले होते, आणि ज्याला चेसर लाभत नाही व तेवढे तासही नाहीत, त्याने आपले खांदे सांभाळावेत, हे बरे.

तोंडी संकेतांची सर्वांत जुनी आणि कसोटीची परंपरा खेळात नसून मेंढपाळीत आहे. ब्रिटनमधील मेंढपाळ दूर टेकडीवरच्या कुत्र्याला ‘कम बाय’ म्हणजे कळपाला घड्याळाच्या दिशेने वळसा घाल आणि ‘अवे’ म्हणजे उलट दिशेने, अशा हाका देऊन मेंढ्या हव्या तेथे आणवतात. वेल्समधील बाला येथे १८७३ साली याच्या स्पर्धाही भरल्या होत्या. कांदे निघाल्यानंतर निफाडच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांचे तंत्र याच्या उलट आहे. येथे मेंढ्यांशी धनगर स्वतःच बोलतो, शिट्टी घालतो, जीभ वाजवतो आणि मेंढ्या त्याचे ऐकतात; कुत्र्याकडे काम असते रात्रीच्या राखणीचे, आणि त्या कामात त्याला कोणी सूचना देत नाही, कारण सूचना देणारा त्या वेळी झोपलेला असतो. संकेतांवाचून चालणारी ही व्यवस्था पाहता, कोणत्या कुत्र्याची बुद्धी जास्त, याचा निर्णय करण्याच्या भरीस न पडलेले बरे.

सरकारी कुत्र्यांची बात निराळी. पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वानप्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथे तयार झालेल्या ‘जंजीर’ या लॅब्रेडॉरने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले, हा पराक्रम कोणत्याही अडथळा-शर्यतीत मावणारा नाही. स्थानिक वृत्तपत्रांतील श्वानपथक मात्र एका ठरावीक वाक्यात जगते: श्वानाला पाचारण करण्यात आले, त्याने काही अंतरापर्यंत माग दाखवला, परंतु महामार्गापर्यंत जाऊन ते तेथेच घुटमळले. पिंपळगावात तर कोठूनही निघाले तरी महामार्ग लागतोच. चोर तेथे गाडीत बसून गेला, ही माहिती श्वानाने त्याच्या परीने पूर्ण दिलेली असते. पुढे टोलनाक्यावर चौकशी करण्याचा संकेत त्याने माणसांना द्यावा, अशी व्यवस्था अद्याप झालेली नाही.

निफाड तालुक्यात हाकेला ओ देण्याचा प्रश्न काही वेळा जिवावरचा असतो. उसाच्या शेतांमुळे बिबट्या वस्तीजवळ मुक्कामाला असतो आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे; शेजारच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणून दिवेलागणीला वस्तीवरून कुत्र्यांना आत घेण्यासाठी जी हाक दिली जाते, ती पहिल्याच वेळी ऐकली जाणे आवश्यक असते, आणि जगातील कोणत्याही प्रशिक्षकाला हेवा वाटावा, इतक्या हुकमीपणे ती ऐकली जाते. ब्रूनोला आत घेण्यासाठी मुलगा गेटपाशी ‘कम, ब्रूनो, कम’ करीत उभा असतो, सून पार्ले-जीचा पुडा वाजवीत असते, ब्रूनो विहिरीपलीकडे काहीतरी हुंगत असतो, आणि अखेर आजी पाटीत भाकरीचे तुकडे घेऊन ओट्यावर येते व एकदाच ‘यू-यू-यू’ करते. ब्रूनो येतो. त्याच्या पुढे मोत्या येतो, मागून खंड्या येतो, वाटेकऱ्याची काळी कुत्री येते आणि पलीकडच्या वस्तीवरची दोघे, ज्यांचा या घराशी काही संबंध नाही, तीही कुंपण ओलांडून, ठिबकच्या नळ्यांवरून उड्या घेत, द्राक्षांच्या मांडवातील लोखंडी अँगलमधून नागमोडी वाट काढीत, वेळेच्या दृष्टीने पाहता उत्तम कामगिरी करून दाखल होतात. स्पर्धेत मैदानावर एका वेळी एकच कुत्रा असावा असा नियम असल्यामुळे आजीचा प्रवेशअर्ज स्वीकारला जाण्याची शक्यता मात्र कमी दिसते.